क्लबने नाव कमी केल्यावर गाठलेले वकिलांचे कार्यालय: पाचपैकी चार

पुण्यातील एका जुन्या खासगी क्लबने २२ वर्षांच्या सभासदत्वानंतर गेल्या वर्षी माझे नाव कमी केले. त्या ठरावाविरुद्ध दाद मागण्यासाठी मी ज्या वकिलांच्या कार्यालयाकडे गेलो, त्यांच्या सेवेचे हे परीक्षण आहे. क्लबचे नाव मी लिहिणार नाही, कारण पुढे झालेल्या तडजोडीत तसे ठरलेले आहे. कार्यालयाचे नाव लिहिण्याची माझी इच्छा होती, परंतु वकिलांना आपल्या व्यवसायाची जाहिरात करण्यास मनाई असल्यामुळे, अशिलाने केलेली स्तुतीसुद्धा आपल्या अंगाशी यायची, असे सांगून वकीलबाईंनीच मला थांबवले. मग नावाविना परीक्षण कशाला, असे कोणी विचारील. या प्रकारच्या तंट्यात वकिलाकडून नेमके काय घ्यायचे असते, याची मला अजिबात कल्पना नव्हती, आणि ज्यांच्या हातात नुकतेच तसले पत्र पडले असेल त्यांनाही ती नसणार. कोणत्याही कार्यालयाची पारख करताना त्यांना पुढील तपशील उपयोगी पडावा एवढाच हेतू आहे.

प्रकरण थोडक्यात असे. क्लबच्या उपाहारगृहाचे कंत्राट निविदा न मागवता दिले गेले, असे माझे मत झाले आणि मी चार पानी पत्र छापून सुमारे ३०० सभासदांना टपालाने पाठवले. व्यवस्थापन समितीने ‘क्लबच्या लौकिकास व हितास बाधक वर्तन’ या नियमाखाली मला कारणे दाखवा नोटीस दिली. नियमावलीत १४ दिवसांची मुदत असताना मला सातच दिवस मिळाले. सभेत दहा मिनिटे बोलू दिले आणि तिसऱ्या दिवशी सभासदत्व संपुष्टात आणल्याचे पत्र घरी आले. त्याच संध्याकाळी फाटकावर माझे कार्ड चालेना. इतकी वर्षे मला पाहताच उठून उभा राहणारा पहारेकरी जमिनीकडे पाहत ‘वरून सांगितलंय साहेब’ एवढेच म्हणाला. पत्र वाचताना जो अपमान जाणवला नव्हता, तो त्याच्या त्या खाली गेलेल्या नजरेमुळे जाणवला.

या कार्यालयात येण्यापूर्वी मी आणखी दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. पहिल्या वकिलांनी माझे पत्र अर्धेच वाचून अब्रुनुकसानीपोटी एक कोटी रुपयांचा दावा सुचवला. दुसऱ्यांनी थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करू, समानतेचा मूलभूत हक्क आहे, असे सांगून एकरकमी फीचा आकडा कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवला. दोघांनीही क्लबची नियमावली मागितली नाही. सभासदांनी आपापसांत चालवलेला खासगी क्लब हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ च्या अर्थाने ‘राज्य’, म्हणजे सरकार किंवा सरकारी यंत्रणा, नसतो, त्यामुळे त्याच्या समितीविरुद्ध समानतेच्या हक्कावर रिट टिकवणे अतिशय अवघड असते, ही प्राथमिक गोष्ट मला नंतर कळली. परंतु त्या दुसऱ्या गृहस्थांना ती ठाऊक नव्हती, असे मानणे मला जड जाते.

तिसऱ्या, म्हणजे ज्यांचे हे परीक्षण आहे त्या कार्यालयाची रीत निराळी होती. दूरध्वनी केल्यावर सांगण्यात आले की पहिल्या तासाच्या सल्ल्याचे ३,५०० रुपये होतील, मात्र क्लबची नियमावली, मी सभासद झाल्यापासून तिच्यात झालेल्या सर्व दुरुस्त्यांसह, भेटीच्या दोन दिवस आधी पोहोचली पाहिजे, एरवी वेळ मिळणार नाही. मला ते उद्धटपणाचे वाटले होते. प्रत्यक्ष भेटीत वकीलबाईंच्या टेबलावर ८४ पानांची ती पुस्तिका होती, तिच्यात जागोजागी चिठ्ठ्या घातलेल्या होत्या, आणि त्यांचा पहिला प्रश्न कंत्राटाविषयी नव्हताच. त्या म्हणाल्या, “काका, पाकिटावर बाहेरून काय लिहिलं होतं?”

मी लाल अक्षरांत ‘स्वयंपाकघरातील गैरव्यवहार’ असे छापून घेतले होते. ते ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले आणि मला लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावरील ट्रॅव्हलर्स क्लबची गोष्ट सांगितली. तेथील सभासद कर्नल डॉकिन्स यांनी जनरल स्टीफन्सन यांच्यावर आरोप करणारी पत्रिका त्यांनाच टपालाने धाडली, आणि तिच्या वेष्टनावर बाहेरून कोणालाही वाचता येईल अशा रीतीने जनरलसाहेबांच्या ‘अप्रतिष्ठित वर्तना’चा उल्लेख केला. क्लबने खुलासा मागितला, सभा भरवली आणि कर्नलना काढून टाकले. १८८१ साली निकाली निघालेल्या त्या खटल्यात डॉकिन्स हरले. सभासदांनी प्रामाणिकपणे आणि नियमांनुसार निर्णय घेतला असेल, तर तो शहाणपणाचा होता की नाही हे न्यायालय तपासत बसणार नाही, असे तेथे ठरले. ज्या नियमाखाली त्यांना काढले तो नियम ते सभासद झाल्यानंतर आलेला होता. तरीही मूळ नियमावलीतच दुरुस्तीचा अधिकार असल्यामुळे तो त्यांना लागू झाला. माझ्या पुस्तिकेतील चिठ्ठ्या कशासाठी होत्या, याचा मला त्या वेळी उलगडा झाला. ‘बाधक वर्तना’चा आमचा नियमही २०११ च्या दुरुस्तीने आलेला आहे, आणि त्या सर्वसाधारण सभेत मी स्वतः हात वर केला होता.

यानंतर त्यांनी जे सांगितले, त्यासाठीच मी हे कार्यालय इतरांना सुचवीन. माझे पत्र खरे की खोटे, कंत्राटात काळेबेरे होते की नव्हते, यातील काहीही न्यायालय ठरवणार नाही, असे त्यांनी पहिल्या अर्ध्या तासातच स्पष्ट केले. क्लबने स्वतःचे नियम पाळले का, आरोप काय आहे ते सांगून बाजू मांडण्याची रास्त संधी दिली का, आणि निर्णय सद्भावनेने घेतला का, एवढ्याच तीन खिडक्यांतून न्यायालय आत डोकावते. हे सांगताना त्यांनी जो निवाडा पुढे ठेवला तो आपल्याकडचा, बेळगावचा निघाला, याचे मला आश्चर्य वाटले.

बेळगावच्या लॉज व्हिक्टोरिया क्रमांक ३६३ या स्कॉटिश परंपरेतील फ्रीमेसन मंडळाने टी. पी. दावर या सभासदाला काढून टाकले. त्यांनी आधी संघटनेच्या अंतर्गत वरिष्ठ मंडळांकडे, अगदी स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजपर्यंत दाद मागितली, ती फेटाळली गेल्यावर दिवाणी दावा लावला, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. न्यायालयीन निवाडे छापणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरच्या १९६३ च्या खंडात पृष्ठ ११४४ वर तो निवाडा छापलेला आहे, आणि क्लबांच्या तंट्यांत आजही वकील त्यालाच हात घालतात. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तेथे मांडलेली भूमिका साधी आहे: सभासदाला काढण्याचा अधिकार हा सभासद होताना केलेल्या करारातून, म्हणजे नियमावलीतून येतो, म्हणून संस्थेने नियमांप्रमाणेच चालले पाहिजे, परंतु प्रत्येक नियम सारख्याच वजनाचा नसतो, कोणता बंधनकारक आणि कोणता केवळ मार्गदर्शक हे त्या त्या नियमावरून ठरते, आणि न्यायालय अशा निर्णयावर अपिलात बसत नाही, अधिकाराबाहेर, दुष्ट हेतूने किंवा नैसर्गिक न्यायतत्त्वे डावलून काम झाले असेल तरच ते हस्तक्षेप करते. दावर शेवटी हरले.

या निवाड्याच्या आधारे वकीलबाईंनी माझ्या आवडत्या मुद्द्यांची एकामागून एक छाननी केली, आणि मी पैसे देऊन स्वतःचे खच्चीकरण करून घेत आहे की काय, असे मला वाटू लागले. चौदाऐवजी सात दिवसांची नोटीस हा माझ्या मते हुकमाचा एक्का होता. त्यांनी विचारले, सभेत आपण मुदतीबद्दल हरकत नोंदवली होती का? मी नोंदवली नव्हती. उलट तयारीने जाऊन दहा मिनिटे बोललो होतो. मग तो एक्का फार तर सत्ती-अठ्ठी, असे त्या म्हणाल्या, कारण हजर राहून उत्तर दिलेल्या माणसाचे सात दिवस कमी पडल्याने काय नुकसान झाले, असे न्यायाधीश विचारणारच. तक्रार करणारे दोन सभासद समितीत बसून मतदानालाही होते, हा मुद्दा त्यांना बरा वाटला. तरीही क्लबच्या समितीत सगळेच एकमेकांना ओळखतात, तेथे न्यायालयाच्या कसोटीची निर्मळ तटस्थता कोणी अपेक्षित नाही, असा इशारा त्यांनी दिला. क्लबची मालमत्ता कोणाची आहे हेही त्यांनी कागदांवरून पडताळले. १८९० साली लंडनच्या पेलिकन क्लबच्या एका सभासदाला मनाई हुकूम नाकारला गेला, तो त्या क्लबची वास्तू व चीजवस्तू मालकाची होती, सभासदांचा तिच्यात हक्क नव्हता, या कारणाने. आमचा क्लब १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेला, सभासदांचा म्हणावा असा आहे, त्यामुळे ती अडचण नव्हती. परंतु हल्ली हॉटेलवाले आणि बांधकाम व्यावसायिक ज्याला ‘क्लब’ म्हणतात तेथे सभासद हा बहुधा नुसता गिऱ्हाईकच असतो, आणि तेथून काढलेल्याचे गाऱ्हाणे वेगळ्याच वाटेने न्यावे लागते.

तासाच्या शेवटी त्यांनी एक किरकोळ वाटणारा प्रश्न विचारला: समितीत अकरा जण आहेत, त्या अकराही जणांना सभेची सूचना गेली होती का? मला ते कसे ठाऊक असणार? त्यांनी क्लबला पत्र लिहून सूचना पाठवल्याची नोंद आणि सभेचे इतिवृत्त मागितले. क्लबने ‘अंतर्गत दस्तऐवज’ म्हणून नकार दिला. त्यानंतर आठवड्याभराने, समितीतील एक ज्येष्ठ सभासद, जे त्या वेळी सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला मुलीकडे होते आणि ज्यांच्याबरोबर मी अनेक वर्षे ब्रिज खेळलो आहे, त्यांचा मला फोन आला. माझे नाव कमी झाल्याचे त्यांना तिकडे तिसऱ्याच माणसाकडून कळले होते. सभा होती हेच त्यांना कोणी कळवले नव्हते. ते परदेशात आहेत, येणार तर नाहीतच, मग कळवायचे कशाला, असा चिटणिसांनी विचार केला असावा.

हे मी सांगितले तेव्हा वकीलबाई प्रथमच हसल्या. १९२० साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे लेडीज इम्पीरियल क्लबच्या यंग नावाच्या सभासद बाईंचे प्रकरण आले होते. त्यांना काढून टाकणाऱ्या समितीत अ‍ॅबरकॉर्नच्या डचेस होत्या; मला सभांना येता येणार नाही, असे त्यांनी आधीच सांगून ठेवल्यामुळे त्यांना सूचना पाठवली गेली नाही. एवढ्या कारणावरून ती हकालपट्टी रद्द ठरली. समिती म्हणजे केवळ हजर असलेली डोकी नव्हेत. ज्याला बोलावलेच नाही तो आला असता, किंवा न येता पत्राने काही म्हणाला असता, ही शक्यता कोणी परस्पर मिटवू शकत नाही. इंग्लंडचे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, मार्गदर्शक आहेत, हेही त्यांनी लगेच सांगितले. तथापि आमच्या नियमावलीतच ‘समितीच्या प्रत्येक सदस्यास’ सूचना द्यावी असे शब्द होते, आणि बेळगावच्या निवाड्याप्रमाणे नियम हाच करार असल्यामुळे आता पाय रोवायला जमीन मिळाली होती. हकालपट्टीचे तंटे असेच जिंकले जातात. ज्या हेन्री लाबुशेर या राजकारणी पत्रकाराला बीफस्टेक क्लबने काढले आणि ज्याला १८७९ साली सर जॉर्ज जेसेल यांच्या न्यायालयाने परत बसवले, तोही आपण सभ्य आहोत हे सिद्ध करून परतला नव्हता. रीतसर चौकशी न करता आणि पुरेशी सूचना न देता सभा घेतली गेली, हे त्याने दाखवून दिले होते.

दाव्याच्या कामाबद्दल मी विस्ताराने लिहीत नाही, कारण तेथे या कार्यालयाचे काम चांगले होते, पण इतर चांगल्या कार्यालयांहून फार निराळे असेल असे मला वाटत नाही. ठराव बेकायदा असल्याची घोषणा आणि मनाई हुकूम मागणारा दावा, त्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज, म्हणजे कोर्टात सर्वजण ज्याला ‘निशाणी ५’ म्हणतात तो. क्लबने आधीच कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल केल्यामुळे त्यांना न ऐकता हुकूम मिळणे शक्य नव्हते. एका गोष्टीचा मात्र उल्लेख करतो. तात्पुरत्या मनाईसाठी प्रथमदर्शनी बाजू, सोयीगैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान, या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात, आणि तिसऱ्या बाबतीत माझ्या मसुद्यात पत्त्यांची खोली, संध्याकाळचा व्हरांडा, जुने मित्र, असे बरेच काही होते. वकीलबाईंनी ते सगळे खोडले आणि सप्टेंबरात क्लबची वार्षिक सभा व समितीची निवडणूक आहे, तीत मत देण्याचा व उभे राहण्याचा हक्क एकदा गेला की कोणत्याही रकमेने परत येत नाही, एवढे एकच वाक्य ठेवले. व्हरांड्याचे मोल न्यायाधीशांना पटवणे कठीण असते, निवडणुकीचे सोपे. घोषणेचा दावा लावायला कायद्याने तीन वर्षे असतात म्हणून लोक निवांत राहतात, परंतु मनाई मागणारा माणूस दोन-चार महिने गप्प बसला तर त्याला घाई नव्हती हे त्यानेच दाखवले, असा अर्थ होतो. म्हणून त्यांनी ठरावापासून पाचव्या आठवड्यात दावा दाखल केला.

क्लबच्या वकिलांनी ‘से’, म्हणजे अर्जावरचे लेखी म्हणणे, दाखल करण्यासाठी दोन वेळा मुदत घेतली आणि तिसऱ्या तारखेच्या आधी ठराव मागे घेत असल्याचे कळवले. अकराव्या सदस्याचे प्रतिज्ञापत्र त्यांच्या हाती पडले होते, हे त्याचे कारण असावे. तडजोडीच्या अटी लिहून घेऊन दावा निकाली काढण्यात आला आणि मी कार्ड घेऊन फाटकातून आत गेलो.

पेढे वाटण्याचा विचार मी त्याच दिवशी सोडून दिला, तोही वकीलबाईंच्या सांगण्यावरून. प्रक्रियेच्या दोषावर रद्द झालेला ठराव क्लबला रीतसर पुन्हा करता येतो, हे त्यांनी मला पहिल्या भेटीतच सांगितले होते आणि आता त्याची आठवण करून दिली. झालेही तसेच. ऑक्टोबरात पूर्ण १४ दिवसांची, आरोपांची यादी जोडलेली नवी नोटीस आली. तक्रारदार दोघे या वेळी समितीतून उठून बाहेर बसले. न्यू जर्सीच्या सदस्यांना ईमेल गेला. उत्तराचा मसुदा याच कार्यालयाने केला. त्यात कंत्राटाविषयीचे माझे प्रश्न तसेच ठेवले होते आणि पाकिटावरच्या लाल अक्षरांबद्दल दिलगिरी होती. हे दुसरे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. समितीने मला सहा महिने निलंबित केले, काढून टाकले नाही. ही शिक्षा जास्त आहे असे माझे मत आजही आहे. परंतु तिच्याविरुद्ध न्यायालयात जाऊ का, असे विचारल्यावर ‘गेलात तर मी तुमचे वकीलपत्र घेणार नाही’ असे उत्तर मिळाले.

आता उणिवा. पहिल्या भेटीनंतर बहुतेक वेळा कनिष्ठ वकिलांशीच बोलावे लागते. ते मन लावून काम करतात, पण प्रत्येक वेळी प्रकरण पहिल्यापासून सांगावे लागते. दाव्याचा मसुदा इंग्रजीत तयार झाला, आणि सही करण्यापूर्वी मला तो मराठीत समजावून सांगा, असे मी म्हटल्यावर ‘नेहमीचीच भाषा आहे’ असे उत्तर आले. मी हटून बसल्यावर अर्धा तास दिला गेला, तो आपणहून द्यायला हवा होता. बिलाची पद्धत तर खरोखर वैताग आणणारी आहे. सल्ला, लेखी अभिप्राय, मसुदा आणि प्रत्येक तारखेची हजेरी यांची वेगळी आकारणी होते हे आधी सांगितले जाते, परंतु झेरॉक्स, नोटरी, टंकलेखन आणि कारकुनाचा ‘किरकोळ खर्च’ यांची बेरीज महिन्याच्या शेवटी अचानक समोर येते. माझा एकूण खर्च १,४२,००० रुपये झाला, त्यांतील १९,००० रुपये या किरकोळीतले. पाचवा तारा मी याचसाठी राखून ठेवला आहे.

ज्यांना समितीचे पितळ चारचौघांत उघडे पाडायचे आहे, आपल्यावरचे आरोप खोटे असल्याचा न्यायालयाचा शिक्का हवा आहे, किंवा क्लबच्या अध्यक्षांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केलेले पाहायचे आहे, त्यांनी या कार्यालयात जाऊ नये. त्यांना पहिल्याच तासात घरी पाठवले जाईल आणि ३,५०० रुपये मात्र भरावे लागतील. ज्यांना आपले सभासदत्व परत हवे आहे त्यांनी जावे. जाताना नियमावली, तिच्या सर्व दुरुस्त्या, आलेली प्रत्येक नोटीस पाकिटासकट, आणि समितीत कोण कोण आहे याची यादी घेऊन जावी. क्लबच्या अंतर्गत अपिलाची तरतूद असेल तर तिची मुदत किती आहे ते घरीच पाहून ठेवावे, कारण ती आधी वापरली का, हा तेथे विचारला जाणारा दुसरा प्रश्न असतो. पहिला कोणता ते मी वर सांगितलेच आहे.